किती टक्के ब्लॉकेज? : हृदय आणि रक्तवाहिन्यांविषयी वाचकांचे प्रश्न

हृदयविकाराविषयी आलेल्या पत्रांत एक गोष्ट सातत्याने दिसते. जवळजवळ प्रत्येक पत्रात टक्केवारीचा एखादा आकडा असतो. पण त्रास नेमका केव्हा होतो, कशाने थांबतो आणि अलीकडे त्यात काही फरक पडला आहे का, याचा उल्लेख क्वचितच असतो. निदानासाठी ही दुसरी माहिती पुष्कळदा अधिक उपयोगी पडते. शिवाय ‘हृदयविकार’ या एकाच नावाखाली आपण अनेक वेगळे आजार एकत्र करतो. हृदयाच्या स्नायूला रक्त पुरवणाऱ्या धमन्या, तो स्नायू स्वतः, चार झडपा आणि ठोक्यांची लय ठरवणारी विद्युतयंत्रणा यांपैकी कोणताही भाग बिघडू शकतो आणि प्रत्येक बिघाडाची लक्षणे, तपासण्या व उपचार निराळे असतात. खालील उत्तरे सर्वसाधारण माहितीची आहेत. त्यांवरून कोणी स्वतःची औषधे बदलू नयेत.

प्रश्न : माझे वडील ६४ वर्षांचे आहेत. भरभर चालले की त्यांच्या छातीवर दडपण येते आणि थांबल्यावर पाचेक मिनिटांत ते जाते. दोन वर्षांपासून हे असेच चालू आहे. अँजिओग्राफीत एका धमनीत ७० टक्के ब्लॉकेज निघाले, तरी डॉक्टरांनी तूर्त गोळ्याच दिल्या आहेत. उरलेली ३० टक्के जागाही केव्हातरी बुजेल, तेव्हा आताच स्टेंट (धमनी उघडी ठेवणारी जाळीची नळी) घालून घ्या, असा नातेवाइकांचा आग्रह आहे. आम्ही काय करावे?

उत्तर : नातेवाइकांची काळजी समजण्यासारखी आहे, परंतु त्यांचा हिशेब चुकीच्या कल्पनेवर उभा आहे. नळात गंज चढत जावा आणि एके दिवशी नळ पुरता बुजावा, तसेच धमनीत घडते असे बहुतेकांना वाटते. प्रत्यक्षात हा आजार धमनीच्या पोकळीत नव्हे, तर तिच्या भिंतीत सुरू होतो. रक्तातील एलडीएल कोलेस्टेरॉलचे कण धमनीच्या आतल्या अस्तराखाली शिरून तेथे अडकतात; त्यांना गिळण्यासाठी पांढऱ्या पेशी येतात, मेदाने फुगतात आणि तेथेच मरतात; मग या साऱ्यावर एक तंतुमय आवरण तयार होते. उच्च रक्तदाब, तंबाखू आणि मधुमेह या तिन्हींमुळे अस्तराला इजा होते आणि ही प्रक्रिया वेग घेते. या वाढत्या थराला जागा देण्यासाठी धमनीची भिंत बराच काळ बाहेरच्या बाजूला पसरत राहते, त्यामुळे अँजिओग्राफीत पोकळी जवळपास मोकळी दिसत असतानाही भिंतीत पुष्कळ आजार साचलेला असू शकतो.

हृदयविकाराचा झटका येतो तो बहुधा हे आवरण फाटल्यामुळे. आतला मेद रक्ताच्या संपर्कात आला की त्या जागी झपाट्याने गुठळी जमते आणि काही मिनिटांपूर्वी वाहत असलेली धमनी बंद पडते. कोणते आवरण फाटेल, हे त्या थराने पोकळी किती अडवली होती एवढ्यावरच ठरत नाही; आवरण किती पातळ आहे, आत मेद किती आहे आणि तेथे दाह किती आहे, यांवर ते अधिक अवलंबून असते. झटका येऊन गेलेल्या पुष्कळ रुग्णांमध्ये ज्या जागी गुठळी झाली, तेथे आधीचा अडथळा ५० टक्क्यांहूनही कमी होता असे आढळते. म्हणून ‘७० टक्के झाले, आता ३० उरले’ ही उतरती मोजणी मनातून काढून टाकावी.

तुमच्या वडिलांच्या त्रासाला स्थिर अंजायना म्हणतात. विश्रांती घेत असताना अरुंद धमनीतूनही पुरेसे रक्त जाते. श्रम केल्यावर हृदयाची गरज वाढते, ती भागत नाही आणि छातीवर दडपण येते. अशा रुग्णांत स्टेंट घातल्याने आयुष्य वाढते का, हा प्रश्न मोठ्या चाचण्यांनी तपासला आहे. २००७ साली प्रसिद्ध झालेल्या ‘करेज’ आणि २०२० साली प्रसिद्ध झालेल्या, पाच हजारांहून अधिक रुग्णांच्या ‘इस्केमिया’ या चाचण्यांत असे दिसले, की उत्तम औषधोपचार चालू असताना आधीच स्टेंट किंवा बायपास केल्याने मृत्यूचे प्रमाण कमी झाले नाही. मात्र ज्यांना वारंवार अंजायना होत होता, त्यांचा त्रास या उपायांनी अधिक कमी झाला. हे निष्कर्ष सर्वांना लागू नाहीत. डाव्या मुख्य धमनीत मोठा अडथळा असेल, तिन्ही धमन्या रोगग्रस्त असून हृदयाचा स्नायू कमजोर झाला असेल किंवा गोळ्या घेऊनही रोजचे व्यवहार अडत असतील, तर हस्तक्षेपाची बाजू बळकट होते. चालू झटक्यात तर बंद धमनी तातडीने उघडणे हाच जीव वाचवणारा उपचार असतो.

स्टेंट धमनीतील एका जागी बसतो, तर आजार साऱ्या धमन्यांच्या भिंतींत असतो. गोळ्या त्या साऱ्या भिंतींवर काम करतात. स्टॅटिनमुळे एलडीएल उतरते आणि आवरण घट्ट होते. धमन्यांचा आजार सिद्ध झालेल्या रुग्णांत एलडीएल ७० मिलिग्रॅमच्या खाली ठेवावे, आणि युरोपीय मार्गदर्शनानुसार ५५ च्याही खाली आणावे, असे आज मानले जाते. तेव्हा स्टेंट न घालणे म्हणजे उपचार न करणे नव्हे. लक्ष ठेवायचे ते त्रासात होणाऱ्या बदलावर. पूर्वीपेक्षा कमी चालण्याने दडपण येऊ लागले, ते अधिक वेळ टिकू लागले किंवा बसल्याजागी, झोपेत येऊ लागले, तर टक्केवारी कालची तीच असली तरी आजार बदलला आहे असे समजावे आणि त्याच दिवशी रुग्णालय गाठावे.

प्रश्न : मला पित्ताचा त्रास जुना आहे. मागच्या महिन्यात रात्री छातीच्या मध्यभागी जळजळ झाली व घाम आला. पित्ताचे औषध घेतल्यावर अर्ध्या तासाने बरे वाटले. सकाळी काढलेला ईसीजी नॉर्मल आला. आता निश्चिंत राहावे का? मला मधुमेह आहे.

उत्तर : निश्चिंत राहू नये. अन्ननलिका आणि हृदय यांच्या वेदना वाहून नेणाऱ्या मज्जातंतूंचे मार्ग एकमेकांच्या इतके जवळचे आहेत, की अनुभवी डॉक्टरांनाही केवळ वर्णनावरून खात्रीने सांगता येत नाही. पित्ताच्या औषधाने बरे वाटले म्हणून दुखणे पित्ताचेच होते, असे सिद्ध होत नाही. तसेच जिभेखालच्या गोळीने बरे वाटले म्हणून ते हृदयाचेच होते, असेही नाही, कारण ती गोळी अन्ननलिकेचा स्नायूही सैल करते.

ईसीजी हा त्या काही सेकंदांचा आलेख असतो. दुखणे थांबल्यावर काढलेला ईसीजी पूर्णपणे सामान्य असू शकतो, आणि झटक्याच्या सुरुवातीलाही पहिला आलेख कधी कधी काही दाखवत नाही. म्हणूनच रुग्णालयात तो पुन्हा पुन्हा काढतात आणि रक्तातील ट्रोपोनिन तपासतात. हृदयस्नायूच्या पेशींना इजा झाली की हे प्रथिन रक्तात उतरते. मात्र त्याला वेळ लागत असल्याने काही तासांच्या अंतराने दुसरा नमुना घ्यावा लागतो.

छातीच्या मध्यभागी दाबल्यासारखे, आवळल्यासारखे वाटणे, ते जबडा, मान, खांदा किंवा हाताकडे पसरणे, दरदरून घाम सुटणे, मळमळणे, दम लागणे ही लक्षणे वीस मिनिटांहून अधिक टिकली, तर झटक्याची शक्यता गृहीत धरावी. मात्र मदत बोलावण्यासाठी वीस मिनिटे संपण्याची वाट पाहू नये. मधुमेही, वयस्क व्यक्ती आणि स्त्रिया यांच्यामध्ये दुखणे अस्पष्ट असू शकते. केवळ दम लागणे, कमालीचा थकवा किंवा पोटाच्या वरच्या भागात अस्वस्थता एवढेच जाणवते. उलट बोटाने दाखवता येईल अशी क्षणभराची टोचणी किंवा दाबल्यावर, कूस बदलल्यावर वाढणारे दुखणे बहुधा स्नायूंचे असते. येथे ‘बहुधा’ हा शब्द मी जाणूनबुजून वापरला आहे.

पुन्हा असे झाले तर स्वतः वाहन चालवत जाऊ नये, रुग्णवाहिका बोलवावी. अ‍ॅस्पिरिनची अ‍ॅलर्जी किंवा रक्तस्रावाचा आजार नसेल, तर फोनवरील वैद्यकीय व्यक्तीच्या सल्ल्याने सुमारे ३०० मिलिग्रॅम अ‍ॅस्पिरिन चावून गिळावी. धमनी पूर्ण बंद झालेल्या झटक्यात पहिल्या वैद्यकीय संपर्कापासून शक्यतो ९० मिनिटांच्या आत अँजिओप्लास्टी (फुग्याने धमनी उघडून बहुधा स्टेंट घालणे) व्हावी, असे उद्दिष्ट असते; ती वेळेत शक्य नसेल, तर गुठळी विरघळवणारे इंजेक्शन देतात. ते पहिल्या १२ तासांत देता येत असले, तरी त्याचा खरा लाभ सुरुवातीच्या दोन-तीन तासांतच अधिक असतो. उशीर होतो तो पुष्कळदा घरीच, ‘थोडे थांबून पाहू’ या वाक्यापाशी. तूर्त या आठवड्यातच हृदयतज्ज्ञांकडे जा आणि तो रात्रीचा घाम त्यांना आठवणीने सांगा.

प्रश्न : आमच्या कार्यालयातील तिशीतला एक सहकारी खेळताना कोसळला आणि गेला. वर्षभरापूर्वी त्याच्या सगळ्या तपासण्या चांगल्या होत्या. इतका मोठा झटका कसा येऊ शकतो?

उत्तर : तो झटकाच होता, असे गृहीत धरता येत नाही. झटक्यात धमनी बंद पडते व स्नायूचा भाग मरू लागतो, पण रुग्ण बहुधा शुद्धीवर असतो आणि हृदय चालू असते. अचानक कोसळण्यामागे हृदयाची विद्युतलय विस्कटलेली असते. निलये (हृदयाचे खालचे दोन कप्पे) आकुंचन पावण्याऐवजी नुसती थरथरतात, मेंदूला रक्त मिळत नाही आणि काही सेकंदांत शुद्ध हरपते. याला हृदयक्रिया बंद पडणे म्हणतात. मध्यमवयानंतर त्याचे सर्वांत मोठे कारण धमन्यांचा आजारच असतो. तरुणांमध्ये मात्र हृदयाचा स्नायू जन्मजात जनुकीय दोषामुळे जाड असणे, धमन्यांची जन्मजात चुकीची मांडणी किंवा आनुवंशिक लयदोष अशी कारणे असतात. साखर, कोलेस्टेरॉल आणि रक्तदाब यांच्या नेहमीच्या तपासण्यांत ती दिसत नाहीत. कुटुंबात कोणी तरुणपणी अचानक दगावले असेल किंवा श्रम करताना कोणाला भोवळ येत असेल, तर ईसीजी व इको (हृदयाची सोनोग्राफी) करून घेणे हा शोधाचा मार्ग आहे. सहकाऱ्याच्या सख्ख्या भावंडांनाही हे अवश्य सांगावे.

कोसळलेला माणूस हाकेला प्रतिसाद देत नसेल आणि नीट श्वास घेत नसेल (मधूनमधून आचके देणे म्हणजे श्वास घेणे नव्हे), तर मदत बोलावून लगेच छातीच्या मध्यभागी दाब द्यायला सुरुवात करावी. मिनिटाला १०० ते १२० वेळा, ५ ते ६ सेंटिमीटर खोल आणि प्रत्येक दाबानंतर छाती पूर्ण वर येऊ द्यावी. विजेचा झटका देणारे स्वयंचलित यंत्र जवळ असेल तर आणवावे. ते बोलून सूचना देते आणि गरज नसताना झटका देत नाही. असे काहीही न केल्यास दर मिनिटाला वाचण्याची शक्यता साधारण ७ ते १० टक्क्यांनी घटते. टक्केवारी खरोखर ध्यानात ठेवावी ती ही.

प्रश्न : माझ्या पत्नीचे हृदय ३५ टक्केच काम करते, असे इकोच्या अहवालावरून कळले. म्हणजे ६५ टक्के हृदय निकामी झाले का?

उत्तर : नाही. त्या आकड्याला इजेक्शन फ्रॅक्शन म्हणतात. डाव्या निलयात भरलेल्या रक्तापैकी एका ठोक्यात किती भाग बाहेर फेकला जातो, हे तो सांगतो. निरोगी हृदयही सगळे रक्त कधीच बाहेर टाकत नाही. साधारण ५५ ते ७० टक्के हे प्रमाण सामान्य असते. तेव्हा ३५ ची तुलना १०० शी न करता ६० शी करावी. शक्ती कमी झाली आहे हे खरे, पण तुम्ही लावलेल्या अर्थाइतकी नाही.

याची दुसरी बाजूही जाणून घ्यावी. हा आकडा ५० च्या वर असूनही हृदय अपयशी ठरू शकते. स्नायू ताठर झाल्यामुळे निलय नीट सैल होत नाही, त्यात पुरेसे रक्त भरत नाही आणि फुप्फुसांत पाणी साचते. वयस्क, जुना रक्तदाब असलेल्या आणि स्थूल व्यक्तींमध्ये हा प्रकार बराच आढळतो आणि केवळ आकडा पाहिला तर तो नजरेतून सुटतो.

कमी झालेल्या पंपशक्तीवर आज चार गटांची औषधे एकत्र दिली जातात : रक्तवाहिन्या सैल करणारी एसीई किंवा तत्सम गटातील, बीटा ब्लॉकर, अल्डोस्टेरॉनला (शरीरात मीठ अडवणाऱ्या संप्रेरकाला) रोखणारी आणि मुळात मधुमेहासाठी आलेली एसजीएलटी-२ गटातील. या चौघांनीही आयुष्य वाढते, आणि काही रुग्णांत काही महिन्यांत तो आकडाही वर सरकतो. पण बरे वाटते म्हणून औषधे बंद केली तर तो पुन्हा घसरण्याचा धोका असतो. रोज सकाळी लघवीला जाऊन आल्यावर वजन करावे. दोन-तीन दिवसांत दोन किलोच्या आसपास वजन वाढले, घोट्यांवर सूज आली किंवा उशा वाढवल्याशिवाय झोप येईनाशी झाली, तर पाणी साचते आहे असे समजून डॉक्टरांना कळवावे. वेदनाशामक गोळ्यांपैकी आयबुप्रोफेनसारख्या गोळ्या अशा रुग्णांनी टाळायच्या असतात, कारण त्यांनी शरीरात मीठ व पाणी अडते.

प्रश्न : दवाखान्यात माझा रक्तदाब १५०/९० भरतो आणि घरी १२८/७८. कोणता खरा मानावा?

उत्तर : दोन्ही खरे असू शकतात. दवाखान्यातील ताणामुळे तेथेच दाब वाढणे ही परिचित गोष्ट आहे. तिला औषध लागेलच असे नाही, परंतु अशांपैकी अनेकांना पुढे कायमचा रक्तदाब जडतो, म्हणून पाठपुरावा हवा. उलट प्रकार अधिक फसवा असतो : दवाखान्यात सामान्य आणि घरी वाढलेला.

मोजण्याची पद्धत आधी तपासा. अर्धा तास आधीपासून चहा-कॉफी व तंबाखू नको, पाच मिनिटे शांत बसावे, पाठीला आधार, पाय जमिनीवर, दंड हृदयाच्या उंचीवर आणि मोजताना बोलणे बंद. दंडाच्या मानाने पट्टा आखूड असेल तर दाब खोटाच जास्त दिसतो. सात दिवस सकाळ-संध्याकाळ दोनदोनदा मोजून पहिला दिवस सोडून सरासरी काढावी. ती १३५/८५ किंवा त्याहून अधिक आली, तर रक्तदाब वाढलेला आहे असे धरतात. शंका राहिलीच तर चोवीस तास दंडावर बांधायचे यंत्र निर्णय देते. डोके दुखत नाही म्हणून दाब नाही, हा समज तेवढा सोडा. बहुतेकांना वर्षानुवर्षे काहीच जाणवत नाही.

प्रश्न : माझी नाडी अनियमित आहे आणि एट्रियल फिब्रिलेशनचे निदान झाले आहे. काहीही त्रास नसताना रक्त पातळ करणारी गोळी कशासाठी? अ‍ॅस्पिरिन चालणार नाही का?

उत्तर : या लयदोषात अलिंदे (हृदयाचे वरचे दोन कप्पे) नीट आकुंचन न पावता थरथरतात, त्यामुळे डाव्या अलिंदाच्या एका कोपऱ्यात रक्त साकळून गुठळी होते. ती सुटून मेंदूत गेली की पक्षाघात होतो. त्याचा धोका अशा रुग्णांत सुमारे पाचपट असतो आणि धडधड जाणवते की नाही, याच्याशी त्याचा संबंध नसतो. वय, रक्तदाब, मधुमेह, आधीचा पक्षाघात आदींचे गुण मांडून गोळीची गरज ठरवतात. तुमच्या डॉक्टरांनी तो हिशेब केलेला असणार. या गुठळ्या रोखण्यात अ‍ॅस्पिरिन दुबळी आहे आणि रक्तस्रावाचा धोका मात्र तिच्यानेही वाढतो. चेहरा एका बाजूला वाकडा होणे, हात लुळा पडणे किंवा बोलणे अडखळणे दिसले, तर ते काही मिनिटांत ओसरले तरी तातडीने रुग्णालयात जावे. गुठळी विरघळवणारे इंजेक्शन साधारणपणे साडेचार तासांच्या आतच देता येते, म्हणून लक्षणे सुरू झाल्याची वेळ लिहून ठेवावी. रक्त पातळ करणारी गोळी कोणती व शेवटची केव्हा घेतली, हे तेथे सर्वांत आधी सांगावे.

प्रश्न : चालताना पोटऱ्या दुखतात. पायांवर फुगलेल्या शिराही आहेत. दोन्हींचा संबंध आहे का?

उत्तर : बहुधा नाही. फुगलेल्या शिरा म्हणजे नीलांच्या (रक्त हृदयाकडे परत नेणाऱ्या वाहिन्यांच्या) झडपांचा दोष. त्यात पाय संध्याकाळी जड होतात आणि वर उचलून ठेवले की बरे वाटते. ठरावीक अंतर चालल्यावर पोटरीत कळ येणे आणि उभे राहताच ती थांबणे हे धमनी अरुंद झाल्याचे लक्षण आहे. घोट्याचा आणि दंडाचा रक्तदाब मोजून त्यांचे गुणोत्तर काढतात; ते ०.९ किंवा त्याहून कमी असेल, तर निदान पक्के होते. ही चाचणी होईपर्यंत शिरांसाठीचे घट्ट मोजे वापरू नका, कारण धमन्यांतून रक्त कमी येत असेल तर ते पायाला घातक ठरू शकतात. पायाची धमनी अरुंद असेल, तर हृदयाच्या व मेंदूच्या धमन्यांतही आजार असण्याची शक्यता मोठी असते. त्यामुळे तंबाखू सोडणे आणि स्टॅटिन यांचा सल्ला येथेही मिळेल. चालणे मात्र सोडू नका. कळ येईपर्यंत चालणे, थांबणे आणि पुन्हा चालणे असा देखरेखीखाली केलेला व्यायाम कळ न येता चालता येणारे अंतर खरोखर वाढवतो.

एकाच पोटरीत अचानक सूज, ऊब आणि दुखणे आले, तर ती खोल नीलेतील गुठळी असू शकते. त्यासाठी त्याच दिवशी सोनोग्राफी करून घ्यावी आणि तोवर पोटरी चोळू नये.

प्रश्न : मी ४५ वर्षांचा, निरोगी आहे. खबरदारी म्हणून रोज अ‍ॅस्पिरिन आणि दरवर्षी अँजिओग्राफी करावी का?

उत्तर : दोन्ही नको. ज्यांना धमन्यांचा आजार सिद्ध झालेला नाही, त्यांच्यात अ‍ॅस्पिरिनचा थोडासा फायदा जठर व मेंदूतील रक्तस्रावाच्या धोक्यात बुडून जातो, असे २०१८ सालच्या तीन मोठ्या चाचण्यांनंतर स्पष्ट झाले. ज्यांना झटका येऊन गेला आहे किंवा स्टेंट घातला आहे, त्यांना हे लागू नाही; त्यांनी गोळी स्वतःहून बंद केल्यास स्टेंटमध्ये गुठळी होऊ शकते. लक्षणांशिवाय वारंवार अँजिओग्राफी करण्यालाही आधार नाही. त्याऐवजी रक्तदाब, उपाशीपोटीची साखर आणि कोलेस्टेरॉल तपासा आणि आयुष्यात एकदा लायपोप्रोटीन-ए (एलडीएलसारखाच रक्तातील मेदाचा कण) मोजून घ्या, कारण त्याची पातळी मुख्यतः आनुवंशिक असते व वारंवार मोजावी लागत नाही. वडील किंवा भावाला ५५ वर्षांच्या आत, अथवा आई किंवा बहिणीला ६५ च्या आत झटका आला असेल, तर ते पहिल्याच भेटीत सांगा. त्यावरून औषध केव्हा सुरू करायचे याचा निर्णय बदलू शकतो.